उपवासकाळ सुरू झाला आणि माझी प्रार्थनाच बंद पडली

ताई, नमस्कार.

मी वसई तालुक्यातली. वय ३८, बँकेत नोकरी, दोन मुलं. काही वर्षं रविवारी चर्चमध्ये मिस्सा (उपासना) झाल्यानंतर पाचवी-सहावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. गेल्या पावसाळ्यात आई कॅन्सरने गेली. तिच्या आजारपणात आम्ही काय करायचं बाकी ठेवलं? घरी रोज रोझरी, नऊ दिवसांची नोव्हेना, वांद्र्याच्या मोतमाउलीला नवस. आळीतल्या बायका येऊन प्रार्थना करून जायच्या. टाटाच्या वाऱ्या मीच केल्या. शेवटी शेवटी तिला पाण्याचा घोटही गिळवत नव्हता. ती गेल्यावर जो तो म्हणाला, ‘देवाला आवडली.’ मी मान हलवत राहिले.

तेव्हापासून प्रार्थना होत नाही. ‘नमो मरिये’ म्हणायला घेते आणि भिंतीशी बोलतेय असं वाटतं. देव नाहीच असं छातीठोकपणे म्हणवत नाही, आहे असंही म्हणवत नाही. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, रांगेत उभी राहिले, कपाळावर राख घेतली आणि स्टेशनला जाताना रिक्षातच रुमालाने पुसून टाकली.

आता शुक्रवारी क्रुसाच्या वाटेचं, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासातल्या थांब्यांचं, वाचन माझ्याकडे आहे. परवा वर्गात एका मुलीने विचारलं, ‘टीचर, आपण प्रार्थना केली आणि देवाने ऐकलंच नाही तर?’ मी ‘देव त्याच्या वेळेला ऐकतो’ असं काहीतरी बोलले आणि घरी येऊन रडले. मी ढोंगी आहे का? हे सगळं सोडून द्यावं का? ज्याच्यावर विश्वास उरलेला नाही त्याच्यासाठी उपवास तरी का धरायचा? सासूबाई घरात संध्याकाळची प्रार्थना चालवतात, त्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. मिस्टरांनाही अजून बोललेले नाही.

– एक वाचक

नमस्कार.

ढोंगाचं आधी निकालात काढू. राखेच्या बुधवारी जे शुभवर्तमान वाचतात, मत्तयचा सहावा अध्याय, त्यात येशूने ढोंगी कुणाला म्हटलंय? लोकांनी बघावं म्हणून चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना. उपवास चारचौघांना कळावा म्हणून तोंड पाडून फिरणाऱ्यांना. तू उपवास करशील तेव्हा डोक्याला तेल लाव, तोंड धू, असं तिथे स्पष्ट सांगितलंय. (हे वाचन ऐकून लगेच आपण सगळे कपाळावर राख मिरवत बाहेर पडतो, याची मला दरवर्षी गंमत वाटते.) तेव्हा तुम्ही रिक्षात राख पुसलीत त्याचा हिशेब मांडत बसू नका. लोकांसमोर नसलेली भक्ती दाखवणं म्हणजे ढोंग. तुम्ही रांगेत उभ्या राहिलात तेव्हा कुणाला काही दाखवत होतात का? मला तर तसं दिसत नाही. सवयीने गेलात, आईच्या आठवणीने गेलात, कदाचित अजून काही मिळतं का ते बघायला गेलात. यातलं एकही कारण खोटं नाही.

तुम्ही सगळं पत्र शंकेबद्दल लिहिलंय. मला त्यात शंकेपेक्षा राग जास्त दिसतो, आणि तो राग कुठे ठेवायचा हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ‘देवाला आवडली’ म्हणणाऱ्यांसमोर तुम्ही मान हलवलीत. अशा वेळी दुसरं काय करणार? ती माणसंही वाईट नसतात. मयताच्या घरी काय बोलावं हे सुचत नाही आणि तयार वाक्य तोंडात येतं. पण ते वाक्य पटवून घेण्याची सक्ती तुमच्यावर नाही. आपला मित्र लाजरस याच्या कबरीपाशी येशू असं काही म्हणाला नाही. तो रडला. त्याच्या आधी लाजरसच्या बहिणीने, मार्थाने, त्याला वाटेतच गाठून सुनावलं होतं: प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरियाही तेच बोलली. निरोप पोचूनही येशू दोन दिवस होता तिथेच थांबला होता, हे शुभवर्तमान लिहिणारा योहान अगदी सरळ लिहून ठेवतो, लपवाछपवी नाही. त्या दोघींना कुणी म्हटलं नाही की बाई, तुमची श्रद्धा कमी पडली.

आणि हा उतारा देवळात वाचतात कधी? उपवासकाळाच्या पाचव्या रविवारी. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं; त्यातल्या ‘अ’ वर्षी हा उतारा येतो. त्याच वर्षी तिसऱ्या रविवारी पहिलं वाचन बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायातलं असतं. इजिप्तमधून सुटून आलेली माणसं रानात तहानेने व्याकुळ होतात आणि त्यांचा पुढारी मोशे याच्या अंगावर धावून जातात. पोराबाळांना, गुराढोरांना तहानेने मारायला आणलंस का आम्हाला? मोशे इतका घाबरतो की हे लोक आता मला दगड मारतील, असं देवाला सांगतो. मग खडकातून पाणी येतं. त्या जागेचं नाव पडलं मस्सा आणि मरीबा, म्हणजे परीक्षा आणि भांडण, कारण लोकांनी तिथे विचारलं होतं, ‘परमेश्वर आमच्यामध्ये आहे किंवा नाही?’

तुमचं पत्र म्हणजे हाच प्रश्न आहे. मला त्या गोष्टीत दोन गोष्टी लक्षात राहतात. पाणी निघालं त्यावरून जागेला नाव दिलेलं नाही. भांडण झालं त्यावरून दिलंय, आणि ते नाव पुसायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. दुसरं, लोकांच्या प्रश्नाला ‘हो, मी आहे’ असं उत्तर आलेलं नाही. पाणी आलं. आता मी तुम्हाला गोडगोड बोलून फसवणार नाही: त्याच रविवारी जे स्तोत्र म्हणतात, पंचाण्णवावं, ते याच प्रसंगावरून लोकांना झापतं. मरीबाला केलीत तशी मनं कठोर करू नका, म्हणतं. म्हणजे एकाच मिस्सात तक्रारीला पाणीही मिळतं आणि बोलणीही खावी लागतात. पण तक्रार करणाऱ्याला छावणीबाहेर काढलं, असं मात्र या गोष्टीत नाही.

अजून एक सांगते, हे फारसं कुणी सांगत नाही. स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रं शेवटाला वळण घेतात, ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ वगैरे. हे घेत नाही. माझे मित्र, माझे जवळचे तू दूर केलेस, असं म्हणत ते अंधारात येऊन थांबतं आणि तिथेच संपतं. हे स्तोत्र चर्चने कुठे ठेवलंय? धर्मगुरू आणि सिस्टर्स म्हणतात त्या नित्यप्रार्थनेत, दर शुक्रवारी झोपण्यापूर्वी. तुमच्या धर्मग्रामातले फादर प्रवचनात काहीही सांगोत, शुक्रवारी रात्री त्यांच्या पुस्तकात हे पान उघडतं. तुम्हाला शब्द सुचत नसतील तर आईच्या बायबलमधून हे वाचा. स्वतःच्या मनाने ‘नमो मरिये’ जमत नसेल तर या माणसाची उसनी तक्रार चालेल. वाचून झाल्यावर बरं वाटलंच पाहिजे, असं नाही.

आता देवाचं अस्तित्व जाणवण्याबद्दल. तुमची खरी मागणी तीच आहे ना, की पूर्वी जसं वाटायचं तसं पुन्हा वाटावं?

मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, आणि जगभर खळबळ उडाली. १९५० च्या सुमारास, म्हणजे संस्थेचं काम नुकतंच उभं राहत होतं तेव्हापासून, त्यांना प्रार्थनेत देव जाणवेनासा झाला होता. मधला एक छोटा काळ सोडला तर ती पोकळी जवळपास शेवटपर्यंत राहिली. आपल्या हसण्याआड हे सगळं झाकलेलं असतं, असं त्या लिहीत. वर्तमानपत्रांनी ‘मदर तेरेसाही नास्तिक’ अशी हवा केली, जे साफ चूक होतं. तर भाविकांनी ‘संतांची कसोटी असते हो’ म्हणून विषय गुंडाळला, तेही मला पटत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस वेगळाच आहे, आणि तो आपल्या पुण्यातला. फादर जोसेफ नॉयनर, जेज्वीट म्हणजे येशूसंघाचे ऑस्ट्रियन धर्मगुरू, पुण्यात डी नोबिली कॉलेजात धर्मशास्त्र शिकवायचे. २००९ मध्ये पुण्यातच, शंभरी ओलांडून वारले. १९६१ मध्ये एका रिट्रीटच्या निमित्ताने मदरनी हा अंधार त्यांच्यापुढे उघड केला.

नॉयनरांनी उपाय सांगितला नाही. यावर माणसाच्या हातातला इलाज नाही, तेव्हा आपलं काहीतरी चुकलं म्हणून हे झालं असं मानू नका, हे पहिलं. दुसरं असं की देव जाणवणं हा तो असल्याचा एकमेव पुरावा नाही. त्याची जी तहान लागून राहिली आहे, तीच तो लपून जवळ असल्याची खूण आहे. तिसरं, हा अंधार आपल्या कामाचाच भाग म्हणून स्वीकारा. या बोलण्यानंतर मदरनी त्यांना लिहिलं की आता मला हा अंधार आवडू लागलाय.

यातलं तिसरं मी तुम्हाला सांगणार नाही. जोगीण झालेल्या बाईने स्वतःहून उचललेलं ओझं वेगळं आणि आईला पाण्याचा घोट गिळता येत नाही हे उशाशी बसून पाहणं वेगळं. आईच्या वेदना म्हणजे देवाची देणगी होती, असं तुम्हाला कुणी समजावू लागलं तर खुशाल उठून चहा टाकायला जा. पण पहिली दोन तुमच्यासाठी जशीच्या तशी घ्या. विशेषतः दुसरं. ज्याला देवाचं काही सोयरसुतक नाही तो राख पुसल्याबद्दल पत्र लिहीत नाही. वर्गातल्या पोरीच्या प्रश्नावर घरी येऊन रडत नाही. हा काही देव असल्याचा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. कोर्टात टिकणार नाही. पण तुमचं त्याच्याशी नातं तुटलेलं नाही, एवढं त्यावरून मी नक्की म्हणेन. अबोला धरलेल्या दोन माणसांचंही नातं असतंच.

मग करायचं काय?

क्रुसाच्या वाटेचं वाचन सोडू नका. चौदा थांबे मोठ्याने वाचणं ही साक्ष नव्हे, सेवा आहे. तुमच्या पुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना अक्षर दिसत नाही, म्हणून कुणीतरी वाचायचं असतं. तुम्हाला त्या वेळी काय वाटतंय याने त्यांना पोचणाऱ्या शब्दांत काही कमी होत नाही. मात्र त्याच वेळी कुणी ‘सगळ्यांसमोर आईच्या आजारपणातला देवाचा अनुभव सांगा’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तिथे ढोंग सुरू होईल.

वर्गाचं थोडं अवघड आहे. महिनाभर सुट्टी हवी असेल तर घ्या, आई गेलेल्या बाईला कुणी कारण विचारणार नाही. पण चालू ठेवणार असाल तर त्या मुलीला पुढच्या रविवारी खरं उत्तर द्या. ‘देव त्याच्या वेळेला ऐकतो’ हे वाक्य तुम्हालाच पटलेलं नाही, आणि अकरा वर्षांच्या पोरांना असलं लगेच वासाने कळतं. सांगा तिला, की मीही आईसाठी खूप प्रार्थना केली, ती बरी झाली नाही, मला राग आला, आणि अजून उत्तर सापडलेलं नाही. बायबलमध्येही माणसांनी देवाला हे विचारलंय. मग पाहिजे तर गेथसेमनी बागेतली गोष्ट सांगा: खुद्द येशूने ‘हा प्याला माझ्यापासून टळो’ म्हणून प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. मुलं बिघडणार नाहीत. त्या मुलीच्या घरी काय चाललंय म्हणून तिने हे विचारलं, तेवढं मात्र हळूच जाणून घ्या.

उपवासाबद्दल एकच अट: सौदा नको. ‘मी चाळीस दिवस मासळी सोडते, तू एकदा तरी जाणव’ असा व्यवहार मनात असेल तर ईस्टरला पदरी निराशा पडेल आणि वर उपाशी राहिल्याचा संताप. नियम तसा फार कडक नाहीच. सक्तीचा उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, १८ ते ५९ वयाच्यांना. शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकी सोडे-बोंबलांचे डबे दीड महिना माळ्यावर टाकणं हे आपल्या आयांनी घातलेलं वळण आहे. तुमच्या आईही टाकत असतील. त्यांच्यासाठी म्हणून हे पाळायचं असेल तर बेलाशक पाळा. आईची आठवण हे उपवासाला पुरेसं कारण आहे, देवालाही ते चालत असावं.

राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात. गोणपाट नेसून राखेत बसणं हा मला हवा तो उपवास नाही, असं देव त्यात म्हणतो. भुकेल्याला आपल्यातली भाकर दे, बेघराला घरात घे. तुम्ही टाटाच्या वाऱ्या केल्यात. केस पेपर कुठे निघतो, कोणत्या खिडकीवर आधी जायचं, डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायला विसरू नये, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. आज जळगावहून, बिहारमधून पहिल्यांदाच फाइल हातात घेऊन परळला उतरलेल्या माणसाला यातलं काही माहीत नसतं, आणि रात्र कुठे काढायची हेही नसतं. बँकेला सुट्टी असेल अशा एखाद्या दिवशी, तिथे रुग्णांना मदत करणाऱ्या एखाद्या संस्थेत विचारून जाऊन या. याच उपवासकाळात गेलं पाहिजे असं नाही. त्या गेटमधून आत जाण्याची ताकद येईल तेव्हा जा, पुढच्या वर्षी गेलात तरी चालेल. तिथे देव भेटेल अशी हमी मी देत नाही. ‘मी आजारी होतो, तू माझ्या समाचाराला आलास’ असं तो म्हणून गेलाय, एवढंच मला ठाऊक आहे. आणि निदान तिथे तुमचं दुःख कुणाच्या तरी कामाला येईल.

पापनिवेदनाला जायचं की नाही हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. कॅटेकिझममध्येच, म्हणजे चर्चच्या शिकवणुकीच्या अधिकृत पुस्तकातच, फरक केलेला आहे: जाणूनबुजून नाकारणं वेगळं आणि न मागता मनात येणारी शंका, काहीच दिसेनासं झाल्याची घालमेल वेगळी. तुमचं दुसऱ्यातलं आहे. फादरांकडे जायचं तर गुन्हेगारासारखं जाऊ नका. ईस्टरच्या आधी पापनिवेदनाची मोठी रांग लागते, तेव्हा तर नकोच. दोन मिनिटांत उरकायचा हा विषय नाही. एरवी एखाद्या संध्याकाळी वेळ मागून घ्या. एका फादरांशी जमलं नाही तर शेजारच्या धर्मग्रामात दुसरे आहेत. आणि झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, सकाळी उठून कामावर जाणंच नको वाटत असेल, तर फादरांच्या आधी डॉक्टर. आई जाऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. माणूस गेल्याच्या दुःखाचाही आजार होतो, आणि त्यावर उपचार आहेत.

पवित्र आठवड्यात एक दिवस मात्र चुकवू नका. गुरुवारच्या संध्याकाळनंतर वेदीवरची वस्त्रं काढून घेतात, शुक्रवारच्या विधीनंतर आत काहीच उरत नाही. शनिवारी दिवसभर मिस्सा नाही. पवित्र भाकर ठेवतात त्या टॅबरनॅकलचं दार सताड उघडं, आत रिकामं, आणि त्याच्याशेजारी एरवी रात्रंदिवस तेवणारा लाल दिवा विझवलेला. लोक त्या दिवशी घरी साफसफाईत आणि ईस्टरच्या खरेदीत असतात, देवळात चिटपाखरू नसतं. तुम्ही जा. प्रार्थना करू नका, नुसत्या बसा. वर्षातला हा एक दिवस असा की देऊळही तुमच्यासारखंच असतं आणि ते कुणी झाकत नाही.

ईस्टरला काही झालं नाही तर? नाही झालं तर नाही झालं. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पण ईस्टरचा काळ पन्नास दिवसांचा आहे. त्यातल्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी न चुकता थोमाचं शुभवर्तमान येतं. मेलेल्यांतून उठलेल्या येशूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो शिष्य थोमा, परंपरेने आपल्या भारतात आलेला. बोटाची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला त्याच्या आधीचे आठ दिवस महत्त्वाचे वाटतात. बाकीचे दहा जण ‘आम्ही पाहिलं’ म्हणून आनंदात, आणि हा एकटा ‘मला पटत नाही’ म्हणणारा. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्याच घरात, त्यांच्याच सोबत होता. तो रागावून निघून गेला नाही. त्यांनीही त्याला काढलं नाही. त्या आठ दिवसांत ते एकमेकांशी काय बोलले असतील कोण जाणे, जेवले तरी एकत्रच असतील.

म्हणून घरचं बोलते. सासूबाईंना एवढ्यात सांगायची काही गरज नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांच्याशेजारी बसा, तोंडाने शब्द नाही निघाले तरी चालतील. विचारलंच तर आईची आठवण येते म्हणा, ते खरंच आहे. मिस्टरांना मात्र सांगा, आणि या आठवड्यातच सांगा. तोंडाने जमत नसेल तर हे पान त्यांच्यापुढे ठेवा. नाव-गाव छापलेलं नाही, पण रिक्षा आणि रुमाल वाचून ते ओळखतील.